उघड्या डोळ्यांची डुलकी

पुंजाराम ड्रायव्हर आयुष्यात घाबरला तो फक्त डुलकीला. घाट, धुकं, उसाच्या ट्रॉल्या यांचं त्याला कधी काही वाटलं नाही. पण डुलकी! ती लागते तेव्हा कळतच नाही. कळतं ते नंतर. आत्ता तर आपण बाभळीपाशी होतो, मग ही चहाची टपरी समोर कुठून आली? मधला रस्ता कुणी गिळला? हा प्रश्न ज्याला पडला, तो ड्रायव्हर देवाच्या नाही तर ब्रेकच्या कृपेनं वाचलेला असतो.

असा हा एस्टीचा माणूस सुट्टीच्या दिवशी काय करायचा, तर मुकुंदवाडीतल्या घरात बसून बस चालवायचा. लेकीच्या, सायलीच्या, कॉम्प्युटरवर. तिनं त्याला बस चालवायच्या गेममध्ये लाल एस्टी टाकून दिली होती.

"हलवाई घरी येऊन जिलेबी तळत नाय," पारूबाई नवऱ्याला म्हणायची. "तुमचं आपलं घरीबी तेच."

मागच्या आठवड्यात सायलीनं हौसेनं कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. "पप्पा, आता बघा, लोण्यावानी चालंल. सगळं फुल करून ठेवलंय," असं सांगून ती शेंद्र्याला कंपनीत गेली.

आणि खरंच, लिंबाचं पान न् पान दिसायला लागलं. पुंजाराम खूश होऊन मोकळ्या रस्त्यानं निघाला आणि गाडी स्टँडात घातली. माणसं, रिक्षा, फटफट्या, ही गर्दी. डावीकडं लांब एक रिक्षा होती. ती एकदम बंपरखाली! मध्ये काहीच नाही. डुलकी? पुन्हा गाडी काढली. पुन्हा तेच. मोकळ्या रस्त्याला ठीक, गर्दीत शिरलं की मधला रस्ता गायब.

यंत्रावर त्याचा संशय गेला नाही. यंत्रात तर नवाकोरा पार्ट पडला होता. मग त्या खोलीत जुनं कोण उरलं? पुंजारामच.

त्या दिवशी दुपारची ड्यूटी होती. त्यानं डेपोत फोन लावला.

"जय भीम, पुंजारामभाऊ! तुम्ही आन रजा?" पलीकडून कंट्रोलर म्हणाला.

"पोट बिघडलंय," पुंजाराम खोटं बोलला. पारूबाईलाही त्यानं तेच सांगितलं.

मग परीक्षा सुरू झाली. खिडकीत बसून तो जालना रोडवरच्या गाड्यांकडं टक लावून बघायचा. भाजी निवडणाऱ्या पारूबाईला मध्येच विचारायचा, "मी आत्ता डोळे मिटले का गं?"

"मिटले तर लई बरं. सकाळधरनं वटारूनच बघताय."

दुसऱ्या दिवसाची ड्यूटी चाळीसगावची होती, कन्नडच्या घाटातून. डेपोत खरं सांगावं तर स्टेअरिंग सुटणार, मग गेटवर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या नोंदी करायच्या. न सांगावं तर भरली गाडी, घाटाचं वळण, आणि पहिल्या सीटवर कुणाचं तरी लेकरू आईच्या मांडीवर झोपलेलं. ते लेकरू त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. सांगायचं. स्टेअरिंग गेलं तर गेलं.

पण आधी लेकीला. संध्याकाळी सायली आल्या आल्या त्यानं तिला खुर्चीशेजारी बसवलं आणि गाडी स्टँडात घातली.

"हे बघ! आत्ता! गेलो होतो मी!"

"कुठं?"

"डुलकीत. उघड्या डोळ्यानं."

"पप्पा, रिक्षा उडी मारून आली ती मलाबी दिसली की."

"तुलाबी?" पुंजाराम म्हणाला. "म्हंजी खानदानातच हाय हे!"

सायली खो-खो हसली. मग तिला कीबोर्डवर थरथरणारे त्याचे हात दिसले आणि तिचं हसू जागीच थांबलं.

"अहो, तुमचं डोकं नाय, ह्याचं डोकं अडकतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "कार्ड नवं, ते चित्रं काढतं. पण कुठली रिक्षा कुठं वळणार ते प्रोसेसर ठरवतो, आन तो माझ्या कॉलेजच्या वेळचा, जुना. मोकळ्या रस्त्याला त्याचं भागतं. गर्दी झाली की झेपत नाय, आन कार्ड नुसतं वाट बघत बसतं." तिनं स्क्रीनच्या कोपऱ्यातले आकडे दाखवले. प्रोसेसर शंभर टक्के राबत होता, कार्ड निम्म्याहून जास्त रिकामं होतं.

पुंजारामानं आकड्यांवर बोट ठेवलं. "म्हंजी ड्रायव्हर तरणा, कंडक्टर म्हातारा. स्टँडात गर्दी चढली की तिकिटं उरकत नायत, आन निघायची डबल बेल येत नाय."

"व्हय, तस्संच!"

"मग नवा कंडक्टर दे."

"त्याच्यासाठी खालचा मदरबोर्डबी बदलावा लागंल. तवर पॅसेंजर कमी करते."

तिनं गर्दी निम्मी केली. गाडी स्टँडातून सरळ बाहेर पडली. त्यानं पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. एकही रिक्षा उडाली नाही.

"मी उद्या डेपोत सांगणार होतो," तो हळूच म्हणाला.

"डेपोत सांगणार, पोरीला सांगितलं," दारातून पारूबाई कडाडली, "आन मला म्हणं पोट!" ती पदराला हात पुसत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. "आजून कापतोय की हात."

"थांबंल."

"उद्या मीबी येते गाडीत. पहिल्या सीटवर बसते."

"चाळीसगावला काय काम तुझं?"

"काय नाय," पारूबाई म्हणाली. "तिकीट काढून येईन."