मतदान केंद्रावरच्या तीस रेघा

आता कुठल्या तोंडानं सांगू? गावानं बघितलंय, तुम्ही पण ऐका.

माझ्या आजोबांना, तात्यांना, पार्किन्सन हाय. चालता चालता पाय जमिनीला खिळतात. आमच्या घरातल्या बाकीच्या मोठ्यांची डोकी खिळलीत, त्यावर गोळी निघालेली नाही. चुलते तर तात्यांना मागनं ढकलायचे. बारामतीच्या फिजिओबाईंनी त्यांना झापलं, "ढकलू नका. जमिनीवर पावलापावलावर पट्ट्या मारा. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो."

कॉलेज सोडून घरी बसलेला मीच, म्हणून तात्यांचे पाय माझ्याकडं आले. धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखं सरळ कापायची, खुर्चीत बसवून घोटे फिरवायचे. अंगणात कबड्डीच्या मैदानाला लागते ती फक्की टाकून रेघा मारल्या. तात्या टाच टेकवत झकास चालले.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तात्यांचे जुने वैरी, एका पॅनेलचे पुढारी बापूराव चारचौघात म्हणाले, "म्हाताऱ्याला उचलूनच आणावं लागंल."

तात्यांनी ताट सरकवलं. "माझ्या पायानं जाईन. न्हायतर मत नगं."

मतदान गावच्या शाळेत होतं. त्या दिवशी सकाळी मी तिथं गेलो आणि फाटकापासून दारापर्यंत तीस रेघा मारल्या. पॅनेलवाल्यांची टेबलं अशाच एका पांढऱ्या रेघेच्या बाहेर ठेवायची असतात, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण शहाणपणा चढला होता ना.

तासाभरात बापूरावांच्या पॅनेलनं टेबल आत सरकवलं. "आमी रेघंच्या भाईरच हाय."

"कुठल्या रेघंच्या? मग आमी बी दारात बसतो," दुसरं पॅनेल ओरडलं.

गलका ऐकून निवडणुकीचे साहेब बाहेर आले. "ह्या रेघा कुणी मारल्या?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. चुलत्यांनी सगळ्यात आधी.

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"फिजिओबाईंच्या."

"त्या कुठल्या पॅनेलच्या?"

हवालदार बुटानं रेघा पुसायला लागला, तेवढ्यात फाटकात तात्या. "थांबा जरा. माझी वाट हाय ती."

हवालदाराचा बूट थांबला. तात्या एकेक रेघ ओलांडत निघाले. कुणाचा हात नाही, काठी नाही. बापूरावांनी गुमान आपलं टेबल बाजूला घेतलं.

शाईचं बोट घेऊन तात्या बाहेर आले, तेव्हा दोन हवालदार मला पोलिसांच्या गाडीत घालत होते. साहेबांनी विचारलं, "आजोबा, हे पोरगं तुमचंच का?"

"व्हय. धरून चढवा, पाय उचलंना झालाय त्याचा."

आणि खरं सांगतो, उचलत नव्हता.