नंबर दाखवा, मगच ऑइल

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या दुकानातल्या फरशीवर ऑइलचे डाग जसे जमले, तसेच हेही जमले. पुसायला गेलं की आणखी पसरतात. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं ऑइलचं दुकान आहे. शेजारी बाबूभाईंचं गॅरेज. दोन्हीकडं चहा एकाच टपरीवरून येतो, त्यामुळे इकडची भानगड तिकडं पोचायला वेळ लागत नाही!

दुकानात मी पाटी लावली आहे : 'गाडीचा चेसिस नंबर दाखवा, मगच ऑइल मागा.' बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं वेगळी असतात. कुणाला कुठलं ऑइल, हे गाडीच्या अंगावर ठोकलेला तो लांबलचक नंबरच खरं सांगतो. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ही पाटी बघवत नाही.

"गिऱ्हाईक ऑइल मागतंय आणि तू कुंडली मागतीस! एक दिवस सगळी गिऱ्हाईकं पळवणार ही पाटी."

"लग्नाआधी माझी कुंडली मागितलीच होती की तुमच्या घरानं!"

पाटी राहिली.

*

एका गिऱ्हाईक पावण्यांनी फोनवर ऑर्डर दिली. मी म्हटलं, चेसिस नंबरचा फोटो पाठवा. आला तो नंबर प्लेटचा. हा नव्हे, असं कळवलं. मग दुसरा फोटो आला : गाडीला झेंडूचा हार, आणि बॉनेटला टेकून गॉगल लावलेले स्वतः पावणे!

मी फोन केला, तर तेच भडकले. "वैनी, फॅन्सी नंबर हाय गाडीचा. अख्खा तालुका वळखतोय. तुमालाच कळंना व्हय?"

"मग तालुक्याकडनंच ऑइल घ्या की!"

*

कुरुंदवाडचे आबा आणि तात्या हे सख्खे भाऊ. एकत्र होते तेव्हा दोघांनी एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या दोन पांढऱ्या गाड्या घेतल्या. नृसिंहवाडीला जोडीनं पूजा केली. पुढं नंबर प्लेटा आल्या, त्या अंगणात बसून दोघांनीच बसवल्या. मग शेताच्या बांधावरून वाजलं. वाटणी झाली, आपापली गाडी घेऊन दोघं वेगळे झाले, आणि बोलणं बंद!

आता दोघं वेगवेगळ्या दिवशी दुकानात येतात. आबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "त्यानं कुठलं घातलं?"

"दोन्ही गाड्यांना एकच लागतंय, आबा."

"असूदे. माझ्यात त्याच्यापेक्षा भारी घाला!"

मग तात्या येतात. "आबानं कुठलं नेलं?" एकमेकांची एवढी चौकशी बोलणारे भाऊसुद्धा करत नसतील.

ह्या गाड्यांचा चेसिस नंबर ड्रायव्हर सीटच्या पुढं, मॅटखाली असतो. वाडीच्या पूजेत तिथं हळदीकुंकू लागलं, आणि दर खंडेनवमीला त्यावर नवा थर चढत गेला. बाबूभाई एकदा खरवडायला गेले, तर आबा ओरडले, "ए बाबा, देव खरवडतोस व्हय?" तात्यांचंही तेच. शेवटी दोघांच्या आरसी बुकांचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन, त्यात छापलेल्या चेसिस नंबरावर मी काम भागवलं. पाटीला तेवढाच अपवाद.

*

तालमीतला एक पैलवान आला. गाडीच्या नंबरवरून निघालेलं ऑइल मी त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बोटावर घेऊन बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये पाण्यासारखं पातळ हाय की! घट्ट द्या. पातळ पिऊन कोण पैलवान झालाय?"

"तांबडा रस्सा पातळ असतो म्हणून कधी ताटातनं परत पाठवलाय?"

पैलवानानं डबा उचलला.

*

कागलच्या एका पावण्यांना बाबूभाईंनी सांगितलं, ब्रेक ऑइल काळं पडलंय, बदला. पावणे हसले. "कागल ते कोल्हापूर घाट कुठं हाय? ब्रेक लागतोयच कशाला!"

बाबूभाई म्हणाले, "म्हस आडवी आली की तिला सांगा, घाट न्हाय म्हणून."

*

यंदा कुरुंदवाडला पूर आला. तात्यांचं घर खालच्या गल्लीत. गाडी टपापर्यंत बुडाली. आबांचं घर उंचावर. गाडी कोरडी ठणठणीत. पाणी उतरल्यावर तात्यांनी गाडी टोचन लावून बाबूभाईंकडं आणली. लेक बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले, आणि दारात गाडी नाही. माणूस चहासुद्धा न घेता गेला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबा हजर! चिखलानं भरलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "देव बघतोय, वैनी. भावाचा बांध कोरला की असं हुतंय."

बाबूभाई खाली मान घालून गाडीतला चिखल काढत होते. त्यांनी मॅट उचलली. कुंकवाचे सगळे थर पुरानं धुऊन नेले होते.

"वैनी, नंबर दिसला!"

पुरात बुडालेल्या गाडीची सगळी ऑइलं बदलावी लागतात. म्हणून मी मोबाईलमधला तात्यांच्या आरसीचा फोटो उघडला आणि बाबूभाई वाचतील तसा नंबर ताडून बघू लागले. जुळेना. पुन्हा वाचायला लावला. तरी जुळेना. मग आबांच्या आरसीचा फोटो उघडला. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला.

बाबूभाई कपड्याला हात पुसत उठले. "आबा, प्लेटा बसवताना अदलाबदल झालीया. बुडाली ती गाडी तुमची हाय. तुमच्या दारात उभी हाय ती तात्यांची."

आबा पायरीवर बसले. काउंटरमागं आमच्या मालकांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्या पाटीकडं. गिऱ्हाईक गेलं, असंच ते धरून चालले होते.

आबा उठले. मग खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, पाठ होता.

"तात्या, आबा बोलतोय. तुझी गाडी बुडाली न्हाय. माझ्या दारात हाय. पोरीला दवाखान्यात न्यायला लागंल, आत्ताच्या आत्ता घिऊन जा."

पलीकडून तात्या काहीतरी बोलले. आबा खेकसले, "ते ऱ्हाऊदे! आणि येताना आरसी घिऊन ये. ही बाई नंबर बघितल्याबिगार ऑइल देत न्हाय!"