मामा खातो, मामा खात नाही

जयाबाई गायकवाड एकतीस वर्षं बालवाडीत शिकवत होत्या, आणि एकतीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला ‘पर्यावरण’ हा शब्द शिकवला नव्हता. चार वर्षांच्या पोराला तो उच्चारता येत नाही आणि ज्यांना उच्चारता येतो ते भाषण करतात, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. त्यापेक्षा त्यांनी मुलांना एक खड्डा दिला होता.

शनिवार पेठेतल्या त्या छोट्या शाळेच्या मागच्या अंगणात, नळाच्या पलीकडे तो होता. भोवती विटांचे चार थर, वर लाकडी झाकण. डब्यातली केळ्याची सालं, मटारची टरफलं, पेन्सिलीला टोक काढल्यावर पडणारा भुसा, सगळं त्यात जायचं आणि वर मूठभर पाचोळा पडायचा. पाचोळा बाई स्वतः येरवड्याच्या घरून पिशवी भरून बसने आणत. “मावशी, पुण्यात पाला संपला का?” असं एका कंडक्टरने एकदा विचारलं होतं. “पाला आहे, उचलणारे संपले,” असं म्हणून बाई खिडकीजवळ बसल्या.

या खड्ड्याचं नाव खादाडमामा. कुठल्याशा जुन्या बॅचने ठेवलेलं हे नाव पुढच्या प्रत्येक बॅचला आपोआप कळत गेलं. जूनमध्ये प्रत्येक मुलाने मामाला दोन गोष्टी द्यायच्या: एक साल आणि एक चॉकलेटचा कागद. दिवाळीच्या सुट्टीआधी झाकण काढून उकरायचं. साल नाहीशी झालेली असायची, कागद मात्र इतका ठणठणीत की त्यावरची किंमतसुद्धा वाचता यावी.

“मामाने खाल्लं का?”

“नाऽऽही!”

“मग मामा खात नाही ते कोणी उचलायचं?”

“ज्याचं त्याने!”

झाला अभ्यासक्रम. त्यानंतर हात धुवायचे. हात धुतल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही, मग तो कोणी का असेना.

या मामापायी घोटाळेही झाले. पूर्वा नावाच्या पावणेपाच वर्षांच्या मुलीची आई, निशा, एकदा ऑफिसला दांडी मारून तणतणत शाळेत आली. “शाळेत कोणीतरी मामा आहे आणि तो मुलांच्या डब्यातलं खातो म्हणे! धिस इज सीरियस!” शाळेच्या सेविका दुर्गाबाई तिला मागे घेऊन गेल्या आणि त्यांनी झाकण उचललं. “हे आमचे मामा.”

निशा वाकून बघत राहिली. “ओह. मला वाटलं स्टाफ आहे.”

“स्टाफच आहे की. रजा तेवढी घेत नाही.”

बाईंच्या घरीही हाच कारभार होता. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्याने वाळत घालायच्या, कडकडीत वाळल्या की भंगारवाल्याकडे. पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान सुखदेव शेजाऱ्यांना सांगत, “आमच्याकडे दोरीवर पहिला मान पिशव्यांचा. जागा उरली तर माझा सदरा.” पण पिशवी नीट न धुता दोरीवर टाकली की टोकणारेही तेच असत.

तर या बाई येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती गोष्ट जानेवारीत सौमित्रच्या रूपाने शाळेत आली.

सौमित्र हा संस्थेचा नवा सचिव. आठवडाभर हिंजवडीला संगणकासमोर आणि शनिवारी शाळेत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो याच बालवाडीत, याच बाईंच्या वर्गात होता आणि त्याचं नाक त्यांनी कित्येकदा पुसलं होतं. पण सचिव म्हणजे सचिव. बाई त्याला ‘सर’ आणि ‘आपण’ म्हणत, तो त्यांना ‘मॅडम’ म्हणे आणि दोघांनाही ते नवे बूट घातल्यासारखं थोडं थोडं चावत असे.

“मॅडम, आपल्या स्कूलचं पर्यावरण व्हिजिबल पाहिजे,” सौमित्र म्हणाला. “खड्डा कसा, दिसत नाही. तिथे आपण इको-कॉर्नर करतोय. खड्डा बुजवून वर ब्लॉक बसवायचे, त्यावर ग्रीन लॉन, एक सेल्फी फ्रेम. पेरेंट्स फोटो टाकतील.”

“लॉनला पाणी कोण घालणार, सर?”

“घालावंच लागत नाही! आर्टिफिशियल आहे.”

बाई “छान” म्हणाल्या. त्यांना भांडता येत नसे. एकतीस वर्षं मुलांना ‘आवाज खाली’ शिकवण्यात त्यांचा स्वतःचाच आवाज खाली गेला होता. पण आपण गेल्यावर नव्या बाई येतील, त्या पडद्यावर गांडूळ दाखवतील, मुलं टाळ्या वाजवतील आणि एकाही पोराच्या नखात माती जाणार नाही, या विचाराने त्यांना दोन घास कमी गेले. सुखदेवांनी ते ओळखलं आणि पुढचा आठवडाभर पाचोळ्याची पिशवी स्वतः स्टॉपपर्यंत नेऊन दिली.

हिरवळ आलीही. खड्ड्याशेजारी ती अंथरली गेली. ब्लॉक बसवणारे सोमवारी येणार होते आणि त्याआधी शनिवारी ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शन होतं.

हे प्रदर्शन म्हणजे पुण्यातल्या पालकांच्या कसोटीचा क्षण. घरात टाकाऊ असं काही निघेना, कारण जे टाकाऊ होतं ते सगळं ‘असू दे, लागेल’ म्हणून माळ्यावर गेलेलं. मग पालक शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. तिथे ‘टाकाऊ वस्तूंचा संच’ नवाकोरा, सीलबंद मिळत होता. आत न वापरलेल्या आइस्क्रीमच्या काड्या, न प्यालेले स्ट्रॉ आणि बाटल्यांशिवायची बाटल्यांची झाकणं. काउंटरवर पाटी होती: ‘टाकाऊ वस्तू परत घेतल्या जाणार नाहीत.’ एका बाबांनी तर मुलाच्या रॉकेटसाठी तीन मोठ्या बाटल्या कोल्ड्रिंक दोन दिवसांत एकट्याने रिकाम्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी रजा टाकली.

शनिवारी मागच्या अंगणात टेबलांवर अठ्ठावीस वस्तू मांडल्या गेल्या. एक रॉकेट, चार फुलदाण्या, सहा भिंतीवरची फुलपाखरं आणि पेनस्टँड सतरा. ज्या मुलांना अजून पेन धरता येत नाही, त्यांच्यात सतरा पेनस्टँड.

प्रमुख पाहुण्या होत्या परचुरेबाई, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी हिरवळीवर पाय ठेवला, खाली पाहिलं आणि विचारलं, “जात कोणती म्हणायची ही? दुकानातली?” सौमित्र नम्रपणे हसला आणि त्याने त्यांना पुष्पगुच्छ दिला. गुलाबाच्या सहा फुलांभोवती कडक प्लास्टिक, त्यावर जाळी, जाळीवर चमकदार रिबीन.

पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पूर्वाने बोट वर केलं. “बाई, हे मामा खातो का?”

“बघा बरं सुटं करून,” जयाबाई म्हणाल्या.

हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. निदान त्या तसं सांगतात. जूनपासून रोज दहा वेळा म्हणून म्हणून ते वाक्य जिभेवरच बसलं होतं. पण मुलांच्या दृष्टीने आज्ञा झाली होती. पूर्वा उठली, पाहुण्यांच्या हातातून तिने गुच्छ घेतला, रिबीन सोडली, प्लास्टिक काढलं, फुलं खड्ड्याच्या बाजूला ठेवली आणि बाकीचं दुसऱ्या बाजूला. “मामा खातो. मामा खात नाही.”

मग अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं उठली.

“अरे, ते रॉकेट आहे!” बाबांनी आकांत केला.

“मामा खात नाही,” त्यांचा मुलगा म्हणाला आणि रॉकेट ढिगात गेलं. त्यामागून सतरा पेनस्टँड गेले. फुलपाखरं उडत गेली. आया “बाळा, बाळा” करत धावल्या, पण आपण काय चुकतोय हे बाळांना कळेना, कारण खरोखरच ती काही चुकत नव्हती. परचुरेबाई मात्र खुर्चीत मागे टेकून इतक्या मनापासून बघत होत्या, की त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून आजवर कुठेही इतकं सुख मिळालं नसावं.

सौमित्रने परिस्थिती सावरण्यासाठी माइक घेतला आणि खिशातून भाषण काढलं. पूर्वा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला, एक कोपरा फाडून बघितला. “हा मामा खातो,” ती म्हणाली आणि भाषण घेऊन गेली.

सौमित्रकडे आता बोलायला काही उरलं नव्हतं. पूर्वाकडे होतं.

“दादा, तू कशावर उभा आहेस?”

“लॉ... गवतावर.”

“हे मामा खातो का?”

सौमित्रने जयाबाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली केली, कारण वर केली असती तर त्यात काय दिसलं असतं याची त्यांनाच खात्री नव्हती. सौमित्रने हिरवळीकडे पाहिलं, मग त्या लाकडी झाकणाकडे. त्याच्या वेळी झाकणाला हिरवा रंग होता.

“नाही,” तो हळूच म्हणाला. “खात नाही.”

“मग कोणी उचलायचं?” पूर्वाने सगळ्यांना विचारलं.

“ज्याचं त्याने!” अठ्ठावीस गळे ओरडले. आणि माइक चालू असल्यामुळे सगळ्यांनी ऐकलं, की एकोणतिसावा आवाज सौमित्रचाच होता.

मग त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या दुमडल्या आणि गुडघ्यावर बसून ती हिरवळ गुंडाळायला घेतली. दुसरं टोक रॉकेटवाल्या बाबांनी धरलं. दुर्गाबाईंनी जिन्याखालची खोली उघडून दिली आणि गुंडाळी आत जाताना एवढंच म्हणाल्या, “पाणी घालावं लागणार नाही ना?”

परत आला तेव्हा सौमित्रचा शर्ट हिरव्या धाग्यांनी भरला होता. मुलं मामाला गुलाब भरवत होती. “मॅडम,” तो म्हणाला, “सोमवारच्या माणसांना मी नको म्हणून सांगतो. मामा इथेच राहील. तुम्ही मे महिन्यात गेल्यावरही.” बाईंनी पदराने डोळे टिपले आणि मान हलवली.

आत वर्गात चहा मांडला होता. सौमित्र घाम पुसत उंबऱ्यापाशी आला, तर जयाबाई दारात उभ्या.

“सौमित्र,” त्या म्हणाल्या, “हात.”

त्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं, तो वळला आणि नळावर जाऊन पूर्वाच्या मागे रांगेत उभा राहिला.