वंदनाने मागितलेली मेमरी

वंदना काल मेली. आणि मला तिचाच राग आलाय.

मेलेल्या बाईवर राग काढावा का, हे सकाळपासून स्वतःला विचारतेय. तरी लिहिते.

आम्ही दोघी हिंगोलीत एकाच कॉलेजात शिकवायचो. हळदीच्या डीएनएवर एकत्र रिसर्च चालू होता.

त्यासाठी विद्यापीठाचा क्लस्टर वापरायचो, म्हणजे सगळ्यांनी वाटून घ्यायचे मोठे कॉम्प्युटर. काम पाठवताना मेमरी किती लागेल ते आधी सांगायचं. काम त्यापुढं गेलं की मशीन ते मारून टाकतं.

म्हणून सगळेच दुप्पट मागतात.

वंदना हिंगोलीजवळच्या गोरेगावची. ती लागेल तेवढीच मागायची. जरा जास्त लागलं की काम मरायचं. पुन्हा रांग.

"अगं, जास्त माग की!"

"दुसऱ्यायचीबी कामं हायेत ना ताई."

शेवटी माझ्या शिव्या खाऊन तिने सगळ्यात मोठं मशीन अख्खं मागितलं. मिळालं. काम कित्येक दिवस नीट चाललं. संपत आलं होतं.

तेवढ्यात क्लस्टर वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर एका सरांचा मेसेज.
"कोण ही बया? सगळी मेमरी अडवून बसलीय. बापाचं मशीन आहे का?"

वंदनाने "सॉरी सर" लिहिलं आणि चालू काम स्वतःच्या हाताने बंद केलं.

"काहून बंद केलंस गं?"

"लोक खोळंबून राहिले ना ताई. आपलं काय, पुन्हा लावू."

परवा तिच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात गर्दी. नवरा सांगत होता, "मला म्हणली, थोडंच दुखून राहिलंय. त्या लेकरावाल्या बायांना जाऊ द्या. आपण उद्या येऊ."

दोघं परत आले.

अपेंडिक्स आत फुटलं होतं.

काल गोरेगावला, तिला उचलण्याआधी, एक बाई म्हणाली, "लई गुणाची. मरतानाबी कोणाला तकलीफ दिली न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

ग्रुपवर पहिली श्रद्धांजली त्याच सरांची. फुलांसकट.

आज तिचं काम मी माझ्या नावाने पुन्हा लावलं. तेच मशीन, अख्खं. मघाशी नंबर लागला.

सरांनी लगेच विचारलं, "हे कोणाचं?"

"माझं," एवढंच लिहिलं. सॉरी लिहिलं नाही.

संपेपर्यंत ते मशीन कोणालाही मिळणार नाही.

नीज, वंदना. आता कोणासाठी उठून जागा देऊ नकोस.