परंदवडीच्या सर्व्हरमधला चोर

लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे वाक्य मी कॉम्प्युटर बसवून देताना मावळातल्या निम्म्या वर्कशॉपांत छाती फुगवून सांगितलं आहे. परंदवडीच्या एका प्रेस शॉपचे, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या कारखान्याचे, मालक ते ऐकून इतके निर्धास्त झाले की सर्व्हरला दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार, बाकी वर्षभर काही नाही. म्हणून तो रखडू लागला, पंखा गिरणीसारखा घोंगावू लागला, तेव्हा दोष सर्व्हरला मिळाला नाही. तो मिळाला ऑफिसातल्या मावशींना. त्यावरची ड्रॉइंग आणि मालाची चलनं त्याच सांभाळत.

मी पोहोचलो तेव्हा निकाल लागलेला होता.

"साहेब, ह्या मावशी मोबाइल लावत्यात त्याला चार्जिंगला. त्यातनंच घाण शिरली. उद्यापास्नं पॅकिंगला टाकतोय त्यांना," मालक म्हणाले.

पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं राहणं, आणि मावशींचे गुडघे सगळ्या कारखान्याला ठाऊक होते. मावशींनी आपली खुर्ची मला दिली आणि मागे उभ्या राहिल्या.

मी तज्ज्ञासारखा चष्मा पुसला. चालू कामांच्या यादीत एक नाव सगळा प्रोसेसर खात बसलं होतं. कंसातलं, अगदी सिस्टिमचंच वाटावं असं नाव. पण सिस्टिमच्या तसल्या कामाला डिस्कवर फाइल नसते; याची तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये लपवलेली सापडली. बंद केलं, तर मिनिटाभरात पुन्हा हजर.

"मोबाइलचा काही संबंध नाही," मी ऐटीत म्हणालो. "बाहेरून कुणीतरी लॉगिन करून शिरलंय आणि आपलं काम या मशीनकडून फुकटात करून घेतंय. कुठल्या खात्यातून, ते आत्ता सांगतो."

लॉगिनच्या नोंदी उघडल्या. अनोळखी पत्ते ओळीने, आणि प्रत्येकाशेजारी खातं एकच: टेस्ट. पासवर्डही टेस्टच. घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच ते उघडलं होतं, दोन दिवसांसाठी.

"कुणाचं खातं हाय?" मालकांनी विचारलं.

"माझं. चूक माझी आहे."

मालक हसले. "साहेब, तुमी लय मोठ्या मनाचे. दुसऱ्याचं अंगावर घ्यायला काळीज लागतं. पण मावशी पॅकिंगलाच."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल केली, तर तिचाही सत्कार झाला. मला स्वतःची लाज वाटली.

मावशींनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "दादा, हेच लिवून द्या. सहीशिक्क्यासकट."

मी ते खातं आणि ती लपलेली फाइल उडवली, लिहून दिलं आणि उठलो. मालकांनी ते दोनदा वाचलं. तोंडच्या शब्दाला न बधलेला माणूस शिक्क्यापुढे मऊ पडला, खुर्ची मावशींकडे सरकवली आणि चहा सांगायला बाहेर गेला.

मावशी बसल्या, पदराने कीबोर्ड पुसला आणि हळूच म्हणाल्या, "दादा, असलं खातं आजून कुटंकुटं करून ठिवलंय?"

मी मनात आठवू लागलो. तळेगाव, सोमाटणे, सुदुंबरे, भुशीचं एक रिसॉर्ट. ती खाती बंद करायला चहा यायच्या आत मी गाडीला किक मारली.