लिमलेटच्या गोळ्या आणि दगूभाऊंचा हात

एक कोळशाची भट्टी. एक रोलर मशीन. सहा बाय तीनचं लोखंडी टेबल. आणि एक खोटं.

ही चारही मी माझ्या हाताने बनवली. पहिली तीन कधीच भंगारात गेली.

चौथं आज सकाळपर्यंत शाबूत होतं.

आज सकाळी दगूभाऊ गेले. त्यांच्या मुलीचा, मनीषाचा, फोन आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९४ ते २००७ नाशिकला पंचवटीत माझा लिमलेटच्या गोळ्यांचा छोटा कारखाना होता. शेड सतरा बाय बावीस. मी दहावी नापास. वेल्डिंग, लेथ, साखरेची केमिस्ट्री, सगळं रद्दीतली पुस्तकं आणि डिक्शनरी घेऊन स्वतः शिकलो. हे इथे अनेकदा लिहिलंय. तुम्ही लाइकही केलंय.

भट्टीवर दगूभाऊ असायचे. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. पाडव्याआधी महिनाभर साखरेचे हार-कडे करायचे, उरलेलं वर्ष माझ्याकडे पाक उकळायचे.

दोन्हीकडे साखरच. पण काम अगदी उलटं.

हार-कड्याला दाणा हवा. पाक कढईच्या कडेला घोटायचा, की साखरेचे रेणू रांगा लावतात, स्फटिक होतात, सगळं पांढरं घट्ट होतं.

गोळीला दाणा अजिबात नको. पाक १५२ डिग्रीपर्यंत न्यायचा, पाणी जवळजवळ सगळं उडवायचं, चिमूटभर लिंबूसत्व घालायचं आणि भरभर गार करायचा. रेणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. जिथे आहेत तिथेच थिजतात.

म्हणजे काच. खिडकीची वाळूची असते, ही साखरेची.

हे मी दगूभाऊंना भिंतीवर खडूने काढून समजावलं होतं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला आणि दाताखाली फोडला. टच्.

"झाली बघा तुमची काच," म्हणाले. "लय शिकलात शेठ तुम्ही. आता उतरवू का कढई?"

मी थर्मामीटर पाहिला. १५२.

१९९८चा ऑगस्ट. झेंडावंदनाला शाळांमध्ये वाटायच्या गोळ्या. तीनशे किलोची ऑर्डर, तोवरची सगळ्यात मोठी.

माझी एक सवय होती. आदल्या दिवशीच्या तुटक्या गोळ्या, ट्रेमधला चुरा, काही फेकायचं नाही. टेबलावर ओतलेल्या गरम पाकात तो तसाच दुमडून घ्यायचा. उन्हाळ्यात ते खपून जायचं.

त्या दिवशी दगूभाऊ म्हणाले, "शेठ, चुऱ्याला ओल लागलीय. आज नका टाकू. पाण्यात पार विरघळवू, मग उद्याच्या कढईत घेऊ."

मी विचारलं, हे मशीन कोणी बनवलंय, तुम्ही की मी?

मी चुरा टाकला. ऑर्डर चालली ते तिन्ही दिवस टाकला.

गोळ्या निघाल्या तेव्हा आरपार दिसत होतं. दोन-तीन दिवसांत आतून पांढऱ्या पडल्या. बोटांनी दाबली की भुगा.

ऑर्डर देणारा व्यापारी शेडमध्ये येऊन उभा राहिला. सोबत दोन दुकानदार. हे कसं झालं म्हणून विचारलं.

मी दगूभाऊंकडे बोट दाखवलं.

"याचा हात हार-कड्याचा आहे. घोटल्याशिवाय राहवत नाही याला. दाणा यानेच धरवला."

चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं.

त्यांनी कढई घासली, पालथी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेले.

नाव पडायला पंचवटीत वेळ लागत नाही. 'दाण्याचा दगू'. गोळीच्या भट्टीवर त्यांना परत कोणी उभं केलं नाही. पाडव्याचा महिना सोडला तर अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत खोकी उचलायचे.

बिघाड कशाने झाला, हे मला कधी कळलं?

बोट दाखवल्याच्या पाचव्या दिवशी.

दुसऱ्याच दिवशी मी दोन लहान बॅच केल्या होत्या. साखर तीच, तापमान तेच, घोटलं एकीलाही नाही. एकीत चुरा टाकला, एकीत नाही. चुऱ्याची तीन दिवसांत पांढरी पडली. दुसरी डब्यात महिनाभर काच राहिली.

दमट हवेत पडून चुऱ्यात आधीच दाणा तयार झाला होता. तेवढा पुरतो. त्याच्यामागे बाकीचे रांग लावत जातात.

हे सगळं माझ्या वहीत तारखेसह आहे. वही अजून आहे. दगूभाऊंना सांगायचं तेवढं राहिलं. व्यापाऱ्यालाही नाही सांगितलं. आधी म्हटलं पुढच्या आठवड्यात. मग पाडवा झाला की. मग विषयच निघत नव्हता, आणि मी काढत नव्हतो.

२००४ मध्ये ते स्वतः आले. उपड्या ड्रमवर बसले. तेव्हा माझ्याकडे भट्टीला माणूस टिकत नव्हता, दर तिसरी कढई करपत होती. त्यांनी वासावरून ओळखलं.

"झालं ते झालं," म्हणाले. "माझा हात तसा नाय, शेठ. तुम्हाला माहीत हाय."

तुम्हाला माहीत हाय.

इतकी वर्षं मी हेच तीन शब्द घोळवतोय. त्यांना माझी वही माहीत नव्हती. पण मी माहीत होतो.

त्यांना परत घेतलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. मी म्हणालो, सध्या जमणार नाही.

आज मनीषा फोनवर म्हणाली, "बाबांनी सांगून ठेवलं होतं, तुम्हाला पहिलं कळवायचं. म्हणायचे, लय हुशार माणूस."

मनीषा, हे वाच. पंचवटीतल्या सगळ्यांनी वाचा. चुरा मी टाकला होता. तुझ्या बाबांच्या हातात काही दोष नव्हता.

दगूभाऊ, पाया पडतो. तेव्हा शेडमध्ये, त्या तिघांसमोर पडायला हवं होतं.

२००४ मध्ये त्या ड्रमवर बसून तुम्ही पुढे जे म्हणालात ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे आता कोणी बदलणार नाही. भट्टी तुम्ही बघणार, मशीन मी. भागी निम्मी-निम्मी. आणि तुमच्याकडून भांडवल, सहा वर्षं खोकी उचलून साठवलेलं, रुमालात बांधून आणलेलं, जे मी गाठ न सोडताच परत तुमच्या हातात दिलं:

चाळीस हजार रुपये.