निम्मी वळकटी

आक्का गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. त्या गळ्याकडे बघत. माणूस दारात उभा राहिला की त्यांची नजर त्याच्या गळ्याच्या हाडांवर जायची, तिथे जरा थांबायची आणि मग त्या म्हणायच्या, "पुरी," नाहीतर "निम्मी." काय हवं, हे त्या विचारतच नसत. नवखा माणूस त्या नजरेने बिचकून सदऱ्याचं वरचं बटण लावून घ्यायचा.

आक्का जिथे रांधत, ते सोसायटीचं उपाहारगृह भूमच्या एसटी स्टँडला लागून होतं. मोठ्या दुष्काळात खडी फोडलेल्या मजुरांनी मिळून ती सोसायटी काढली होती. अशी तिची तीन उपाहारगृहं: एक आमचं, एक परंड्याच्या रस्त्यावर, एक साखर कारखान्याच्या फाटकाशी. तिन्हीकडे पत्रे तसेच, बाकडी तशीच आणि पदार्थही एकच, वळकटी. उलट्या कढईवर भाजलेली परातीएवढी पातळ चपाती. तिच्यात भात, मटकीची उसळ, पिठलं, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. दोन्ही कडा आत दुमडून ती गच्च गुंडाळायची आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधायची. लांबीला मनगटापासून कोपरापर्यंत. "ही उशाला घेऊन झोपता येतंय की," असं एसटीचे ड्रायव्हर म्हणायचे. अंथरुणाच्या वळकटीचं नाव तिला पडलं ते त्यामुळेच. ती दोन्ही हातांनी धरून एका टोकाकडून खावी लागे. घाई केली की खालून फुटायची आणि सगळं मांडीवर.

बाकीच्या दोन ठिकाणी भिंतीवर फळा असे. एका बैठकीत पुरी वळकटी संपवली की त्या माणसाचं नाव खडूने फळ्यावर लिहायचे. पैजा लागायच्या, शिट्ट्या व्हायच्या. आमच्याकडे फळा नव्हता. भिंतीत नुसता एक जाड खिळा होता. त्यावर आक्कांनी कधी कॅलेंडरही लावू दिलं नाही. एकदा मी पिशवी अडकवली, तर त्यांनी ती लगेच काढून माझ्या मांडीवर ठेवली. पुढे मी त्या भिंतीकडे तोंड करून बसायचंच टाळलं.

मी ईट गावाच्या बाजूच्या एका वस्तीवरचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मला कायम निम्मी मिळायची. एकदा मी धीर करून म्हणालो, "आक्का, पोट भरत नाही हो. पुरी द्या."

"पुरीच देते, लेकरा. पर दोन डावात." अर्धी खाऊन झाली की त्या म्हणायच्या, "जा, स्टँडला फेरी मारून ये. मागनं दुसरी निम्मी देते." मग मी पुस्तक घेऊन गाड्यांमधून फिरत वाचायचो. परत आलो की त्या विचारायच्या, "आज काय वाचलंस?"

"अकबर बादशहाचं."

"काय खायचा त्यो?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग काय लिवलंय डोंबल!" असं म्हणून उरलेली वळकटी पुढ्यात ठेवायच्या. त्या दोन निम्म्यांच्या मधल्या वेळात मी बी.ए. झालो, असं मी आजही सांगतो. ते खोटं नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना पावसाने पुन्हा पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसू लागले. स्टँडवर उतरणाऱ्या माणसांचे गळे आता मलाही दिसायला लागले होते. आक्कांच्या तोंडून "पुरी" हा शब्दच येईना. त्याच दिवसांत सोसायटीने नवा तरणा मॅनेजर पाठवला. "आक्का, तुमच्या निम्मीनिम्मीनं आपली शाखा मागं पडली," म्हणत त्याने फळा आणला आणि त्या खिळ्याला अडकवला.

"तितं नको लावू, बाबा," एवढंच आक्का म्हणाल्या. तो हसला. त्या दिवसापासून आक्का त्या भिंतीकडे पाठ करून चपात्या भाजायला लागल्या.

एका दुपारी दुष्काळी कामावरचा एक माणूस आला. अंगभर खडीची पांढरी धूळ, गळ्याच्या दोन हाडांमध्ये खळगा. ड्रायव्हर मंडळींनी त्याला घेरलं. "काय पाव्हणं, घेता का पैज? फळ्यावर नाव लागंल!"

"एक काय, दोन खाईन. पोटात काय न्हाय कवाचं."

सगळे हसले. आक्का आतून म्हणाल्या, "निम्मी."

माणसाचं तोंड उतरलं. "का वो बाई? भिकारी वाटलो व्हय तुमाला?"

मग मॅनेजरने स्वतःच पुरी वळकटी ठासून भरली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. तो खायला लागला. चावतच नव्हता, गिळत होता. आधी शिट्ट्या झाल्या. मग हळूहळू त्या थांबल्या आणि नुसता गिळण्याचा आवाज राहिला. कुणालाच काय झालं ते कळेना, पण कुणी हसेना.

आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्याच्या समोरच्या बाकावर बसल्या. वळकटीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि खायला लागल्या. कपाळ मोकळं असलेली बाई, भर स्टँडवर, परक्या पुरुषाच्या हातातलं!

"सोडा की, बाई," तो माणूस म्हणाला.

"सोडत न्हाय. मला बी भूक हाय." मध्ये मूठभर घास राहिला, तो त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतला. "आता फेरी मारून या, दादा. मागनं अजून देते. देवाची आन. पर आत्ता न्हाय."

एक ड्रायव्हर म्हणाला, "आक्कांचं नाव लिवा रं फळ्यावर!"

"एक नाव लिवलंय आदीच," आक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या ह्यांचं. इतं पयला फळा लागला त्या दिशी. कामं बंद पडल्याली, महिनाभर नुस्ता तरवट्याचा पाला पोटात. लोकं टाळ्या पिटत व्हती. वळकटी म्याच वळली. माझा मानूस म्हनून दोन मुठी जास्ती भरली. खाऊन हसले माझ्याकडं. मग पोट दगडावानी झालं. नाव पुसायच्या आत मानूस गेलं."

तोच ड्रायव्हर उठला आणि त्याने फळा खाली काढून भिंतीला तोंड करून ठेवला. तो मजूर फेरी मारून आला, दुसरी निम्मी खाल्ली आणि आक्कांच्या पाया पडून चालता झाला.

पण बोभाटा झालाच. बाईमाणसाने परक्याचं उष्टं खाल्लं, म्हणून सोसायटीने आक्कांना कामावरून काढलं. त्या भांडल्या नाहीत. निघताना फक्त माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुला पुरी चालंल." मी स्वतःसाठी पुन्हा कधी पुरी मागितली नाही.

आक्का आता सोनारीला भावाकडे राहत होत्या. शाळेत नोकरी लागल्यावर मी तिथे गेलो. जाताना स्टँडवरून पुरी वळकटी बांधून घेतली. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नमस्कार केला आणि माझी नजर आपोआप त्यांच्या गळ्याकडे गेली. बोलायच्या आधीच माझ्या हातांनी वळकटी मोडली. निम्मी त्यांना दिली, निम्मी कागदात बांधली.

त्यांनी ते पाहिलं आणि हसल्या. "शिकलास की रं, गुरुजी."

दोनच घास खाल्ले त्यांनी. कागदातली निम्मी शिंक्यात ठेवायला सांगितली. मला शेवटची गाडी धरायची होती. "येतो, आक्का," म्हणून मी निघालो.

पुन्हा गेलो तेव्हा भिंतीपाशी कुणी नव्हतं. भावाने मला बसायला घोंगडी टाकली. मग वर शिंक्याकडे बघत तो म्हणाला, "ती निम्मी कुणाला काढू दिली न्हाय तिनं. नासली, वास सुटला, तरी न्हाय. शेवटपतुर म्हनत व्हती, राहू द्या. फेरी मारायला गेलंय लेकरू."